उज्ज्वलाच्या नावाची बांगडी

माझी बायको उज्ज्वला गेल्यानंतरही दोनेक महिने ती सरकारी पडद्यावर जिवंत होती. रोज चहाच्या वेळेला माझ्या फोनवर तिची तब्येत यायची. नाडी ठीक. रक्तदाब ठीक. झोप बरी. रक्त अजून कमी, गोळ्या चालू ठेवा. खाली एक हसरा चेहरा काढलेला असायचा. मी ते वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

आमच्या बोरगेवाडीत शेतीपेक्षा काजूवर जास्त घरं चालतात. मी मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिची जुनी तार काढून नवी गुंडाळतो. पण गावातल्या बहुतेक बायका काजूच्या कारखान्यात. बी उकडायची, फोडायची, गर सोलायचा. टरफलातून जे तेल निघतं ते बोटं जाळतं. वर्षभरात बोटांची टोकं काळी आणि जाड होतात, भाकरीचा चटकासुद्धा लागत नाही. त्यामुळे पूर्वी सरकारनं बोटाला चिमट्यासारखं लावायचं यंत्र आणलं तेव्हा आमच्याकडे ते चाललंच नाही. त्या बोटांतून उजेड आरपार जाईना. यंत्र सांगायचं, बोट लावा. बोट तर लावलेलंच असायचं.

मग मनगटावरचं यंत्र आलं. मी एक बंद पडलेलं उघडून बघितलं आहे, म्हणून सांगू शकतो. आतल्या बाजूला चार बारीक दिवे. त्यातले दोन डोळ्यांना दिसत नाहीत. ते कातडीतून आत उजेड टाकतात. रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला काही उजेड पिऊन टाकतं, उरलेला माघारी येतो. किती माघारी आला यावरून रक्त किती पातळ झालंय ते कळतं. रक्तदाबाचंही तसंच. प्रत्येक ठोक्याला शीर फुगते आणि बसते. शीर मऊ असेल तर ती लाट सावकाश जाते. ताठलेली असेल तर दणका देत जाते, कडक पाइपातून पाणी जावं तशी. त्या लाटेचा आकार बघून यंत्र दाब ओळखतं. वीज लागत नाही, अंगाच्या उबेवर चालतं. पहिले काही आठवडे ते त्या बाईचं अंग शिकतं. नंतर काही बिघडलं की आपण होऊन उपकेंद्राला कळवतं, आणि फारच बिघडलं तर अँब्युलन्सला.

यंत्र चांगलंच होतं. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पण ते पहिल्यांदा आलं ते काळ्या रबरी पट्ट्याच्या रूपात. कोणी हातात घालेना. "म्हशीच्या कानात बिल्ला मारत्यात तसं हाय हे," बायका म्हणायच्या. "सासू चुलीजवळ तरी उभी करील का काळं घालून?" उज्ज्वला गावच्या आरोग्य समितीवर होती. कारखान्यात बायकांसाठी संडास तिनं भांडून बांधून घेतले होते. उपकेंद्रात कायमची सिस्टर हवी म्हणून तालुक्याला हेलपाटे घालून कविता सिस्टरना आणलं होतं. ती तालुक्याच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, पट्टा हिरवा करा. चुड्यासारखा. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्या. मग बघू कुठली बाई काढून ठेवती ते."

बैठकीत आधी हशा झाला. मग कुणीतरी ते लिहून घेतलं. पुढच्या संक्रांतीला हिरवी बांगडी आली. काचेसारखी चमकणारी, पण वाकणारी, आत एक बारीकसा खटका. शाळेच्या सभागृहात हळदीकुंकू झालं. सिस्टरनी एकेकीच्या हातात बांगडी चढवली, अंगठा घेतला, नाव नोंदवलं. गावातली एक सवाष्ण राहिली नाही. उज्ज्वला घरी आली तेव्हा इतकी खूश होती की मला म्हणाली, "अहो, आता तुमच्या मोटारीवर नसंल एवढं लक्ष माझ्यावर हाय सरकारचं."

"मोटार बोलत तर नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर जळती," ती म्हणाली.

दोन वर्षं फार चांगली गेली. सरपंचांची सून बाळंतपणात जायची ती वाचली. उज्ज्वलाचाच रक्तदाब वाढलेला निघाला. तिला काही होत नव्हतं, डोकंसुद्धा दुखत नव्हतं. बांगडीनं सांगितलं आणि उपकेंद्रातल्या कपाटातून तिची गोळी सुरू झाली. ते कपाटही नवीनच होतं. बांगडी त्यावर धरली की तिच्यात जे दिसतंय त्याची औषधं खालच्या खणात पडायची. आमच्या गावच्या औषधांचा साठा, सिस्टरची जागा, अँब्युलन्सचं डिझेल, सगळं आता बांगड्यांच्या आकड्यावर मिळायला लागलं. पूर्वी औषधं कुणाच्या वशिल्यानं कुठंतरी जायची. आता जिथं दुखणं दिसतंय तिथं जाणार. ऐकायला हे बरोबरच वाटतं.

मग गावाला जिल्ह्याकडून सन्मान जाहीर झाला. बोरगेवाडीत धोक्यातली एकही बाई लक्षाबाहेर नाही. ज्या आठवड्यात पत्र आलं त्याच आठवड्यात कारखान्यात गर निवडणारी वत्सलामावशी घरात मरून पडलेली सापडली. पायाला सूज घेऊन ती किती दिवस फिरत होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. उज्ज्वला उपकेंद्रात गेली. मी कपाटाची वायर बघायला तिथंच होतो.

"सिस्टर, वत्सलामावशी तुमच्या पडद्यावर कुठं होती?"

सिस्टरनी दाखवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक रकाना होता. बांगडी नाकारलेल्या.

"नाकारली? तिनं कधी नाकारली?"

"वाटपाला आली नाही, की मशीन नाकारली असं धरतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि नाकारलेल्यांचा कोटा तीन वर्षं बंद. मी काय करू, उज्ज्वलाताई?"

उज्ज्वला रकान्यातली नावं वाचत राहिली. सगळ्या विधवा. माझी आईसुद्धा.

"हळदीकुंकवाला रांडाव बाई कशी येईल," ती म्हणाली. "आम्ही बोलवलंच न्हाई त्यांना. मीच न्हाई बोलवलं. मीच म्हटलं, वाण म्हणून द्या." मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी पाणी नेलं तर ते तिनं नुसतं हातात धरून ठेवलं.

त्यानंतर तिचे तालुक्याचे हेलपाटे पुन्हा सुरू झाले. मागणी साधी होती. विधवांसाठी दुसरं वाटप करा, उपकेंद्रात करा, हळदीकुंकू नको, रंग कुठलाही चालेल. उत्तरही साधं होतं. कुणालाही मनाई केलेली नाही. बायकांनी स्वतः नाकारली आहे. कोटा उघडला की बघू.

पूनम चौगुले कारखान्यात उज्ज्वलाच्या शेजारी बसायची. तिशी ओलांडलेली, पदरात एक मुलगी. नवरा घाटात ट्रक उलटून गेला होता. उज्ज्वलाला वैनी म्हणायची, मला दादा. एक दिवस उज्ज्वला तिला धरूनच घरी घेऊन आली. पूनमचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"महिन्यातले पंधरा दिवस अंगावर जातंय हिच्या," उज्ज्वला मला म्हणाली. "आणि ही बया म्हणती, अशक्तपणा हाय, लिंबू सरबत पिते."

"वैनी, दादांसमोर काय बोलायलाय?"

"दादा मोटारी भरतोय, त्याला गळती कळती."

पूनम हसली आणि हसताना भिंतीला टेकली. उज्ज्वलानं तिथल्या तिथं आपल्या मनगटावरचा खटका काढला.

"ही घाल."

"वैनी, वेड लागलंय का? मी हिरवं घालून बाजारात गेले तर लोक काय म्हणतील?"

"मनगटात नको घालूस. दंडात घाल, झंपरच्या बाहीत. ही वाकती. उबेवर चालती. कुणाला दिसत न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

माझी आई आतून सगळं ऐकत होती. ती दारात आली. तिचा आवाज चढला नाही, हळूच बोलली, म्हणून जास्त लागलं.

"नवरा समोर बसलाय, आणि तू हातातला चुडा उतरवून विधवेच्या हातात देतीस? उज्ज्वला, कशाला अपशकुन करतीस माझ्या लेकाच्या जिवाला?"

"आत्याबाई, माझा काचेचा चुडा हाय की हातात. ही सरकारची हाय."

"तूच त्याला चुडा म्हणालीस. वाण म्हणून घेतलंस. आता सरकारची झाली व्हय?"

पूनम बांगडी परत करायला लागली. उज्ज्वलानं तिची मूठ मिटवली.

आठवड्याच्या आत फोन वाजायला लागला. उज्ज्वलाचं हिमोग्लोबिन एकाएकी सहावर आलंय, तातडीची भेट. यंत्राला वाटलं, शिकलेलं अंगच ढासळलं. कविता सिस्टर धापा टाकत आल्या, तर उज्ज्वला अंगणात पायली पायली तांदूळ पाखडत होती. सिस्टरनी तिच्या मनगटाकडे बघितलं, मग ओट्यावर बसलेल्या पूनमकडे. बॅग उघडत म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही. इंजेक्शन कुणाला द्यायचं तेवढं सांगा."

असं ते सुरू झालं. उज्ज्वलाच्या नावानं लोहाची इंजेक्शनं यायची, पूनमला टोचली जायची. पूनमच्या ओठांवर रंग आला. सोनोग्राफीची तारीख लागली, गर्भपिशवीत गाठी निघाल्या, ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात नंबर लागला. सगळं उज्ज्वला आनंदा देसाई या नावावर. रुग्णालयातही बांगडी हीच ओळख. यंत्रावर दंड धरला की नाव उमटतं. चेहरा कोणी बघत नाही.

पण कपाटातून उज्ज्वलाची रक्तदाबाची गोळी पडायची बंद झाली. पूनमचा दाब कमीच होता. मग यंत्र उज्ज्वलाला गोळी कशाला देईल? सिस्टर म्हणाल्या, "दुकानातून घ्या." दुकानदार म्हणाला, "बांगडीचा नंबर सांगा." नंबर टाकला की त्याच्याही यंत्रावर यायचं, या रुग्णाला हे औषध धोक्याचं. मी तालुक्याला एका खाजगी डॉक्टरांकडून जुन्या पद्धतीनं चिठ्ठी लिहून आणली. त्या गोळ्या काही दिवस पुरल्या. पुन्हा जाऊ म्हणालो की ती म्हणायची, "होय, जाऊ की. सुनावणी होऊ दे." तिच्या अर्जावर अखेर सुनावणी लागली होती. ती तयारीत होती. कुठल्या विधवेला काय होतंय ते घरोघर विचारत फिरायची. तिचं डोकं दुखत नव्हतं. तिला खरंच बरं वाटत होतं.

कारखान्यातून मला बोलावणं आलं तेव्हा ती काजू फोडायच्या पाटावरून बाजूला कलंडली होती. तोंड वाकडं झालेलं. डावा हात उचलत नव्हता. पूनम तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी अँब्युलन्सला फोन लावला, नाव सांगितलं.

पलीकडे एक मुलगी होती. आवाज चांगला होता तिचा. "काका, घाबरू नका. पेशंटची बांगडी मला इथं दिसतेय. नाडी थोडी जलद आहे, बाकी दाब नॉर्मल आहे. ऊन लागलं असेल."

"बाई, तिचं तोंड वाकडं झालंय!"

"काका, गाडी लाल सिग्नलला सोडतात. हा हिरवा आहे. मी सोडली तरी सिस्टीम परत फिरवते. तुम्ही तुमच्या वाहनानं आणा."

नाडी जलद होती ती पूनमची. ती घाबरली होती.

"ती बांगडी तिच्या हातात नाही," असं मी म्हणायला पाहिजे होतं असं तुम्हाला वाटेल. मी म्हणालोच. मुलगी म्हणाली, "मग कुणाच्या हातात आहे?" आणि पूनमनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलायच्या आत पूनमच ओरडली, "माझ्या हातात हाय, पूनम चौगुलेच्या! गाडी पाठवा!" तेवढ्यात लाइन तुटली होती की त्या मुलीनं ठेवली होती, माहीत नाही. कारखान्याच्या टेंपोत काजूच्या पोत्यांवर आम्ही उज्ज्वलाला आडवं केलं. तालुक्याच्या अलीकडेच पूनमच्या मांडीवर तिनं मान टाकली.

सवाष्ण गेलेली बाई. तिला न्हाऊ घालून नेसवायला गावातल्या बायका जमल्या. हिरवी साडी, मळवट, ओटी. आई कोपऱ्यात बसून सांगत होती काय काय कसं करायचं ते. मध्येच म्हणाली, "तिची ती सरकारी बांगडी कुठाय? पूनमनं परत दिली असंल ना? ती घाला. वाण होतं ते तिचं. रिकाम्या हातानं पाठवू नका तिला."

पूनम अंगणात, तुळशीच्या पलीकडे उभी होती. तिथून पुढं यायचा तिला हक्क नव्हता. तिचा उजवा हात डाव्या दंडावर गेला. ती खटका काढणार हे मला दिसलं.

"काचेच्या घाला," मी म्हणालो. "ती बांगडी न्हाई जायची."

"अरे, पण…"

"आई, न्हाई जायची म्हटलं ना."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग माझी नजर कुठं होती तिकडं. तिनं तोंडाला पदर लावला.

दिवस होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. नंतर ग्रामसेवक म्हणाले, "आनंदाराव, मृत्यूच्या नोंदीला तुमचा अंगठा राहिलाय." मी म्हणालो, येतो. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "नोंद झाली की संध्याकाळच्या आत बांगडी बंद. पूनमचा नंबर जाईल. नवा नंबर तिला मिळणारच नाही, ती नाकारलेल्यांत आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि सुनावणीत जर सांगितलंत की बांगडी ठीक दाखवत असताना बाई गेली, तर त्यांना ऐकावंच लागेल. तेवढा एकच पुरावा आहे. पण मग मी सुद्धा जाईन, दादा. मी डोळ्यांनी बघून गप्प बसलेय."

बायको मेली हे सांगितलं तर बायकोची मागणी मान्य होईल, पण पूनमचं ऑपरेशन जाईल आणि सिस्टरची नोकरी. नाही सांगितलं तर पूनम वाचेल आणि उज्ज्वलाचं मरण कुठंच लागणार नाही. मी दुकानात बसून मोटारी भरत राहिलो. सुनावणी ऑपरेशनच्या नंतर होती. आधी ऑपरेशन होऊ दे, एवढंच ठरवलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात पूनमची सासू मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसली. आत मी. नर्सनं पूनमचा दंड यंत्रावर धरला.

"उज्ज्वला देसाई. मिस्टर आलेत का?"

"आलोय," मी म्हणालो.

नर्सनं पूनमच्या मोकळ्या गळ्याकडे बघितलं. "मंगळसूत्र घरी ठेवून आलात ते बरं केलंत. इथं हरवतात." मग माझ्यापुढं यंत्र सरकवलं. "पिशवी काढावी लागली तर संमती. पतीचा अंगठा इथं."

पूनम भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी अंगठा लावला. यंत्रानं ओळखलं, धन्यवाद म्हणालं.

तिला आत नेताना ती म्हणाली, "दादा, वैनीच्या नावानं मेले तर?"

"मरायचं न्हाई."

"न्हाई, पण मेले तर? मग आमच्यातली कुठली मेली असं व्हईल? माझ्या पोरीला दाखला कुणाचा मिळंल?"

मी म्हणालो, "वैनीनं तुला लिंबू सरबत पिऊ नको म्हटलं होतं," आणि ती हसली, रडता रडता.

ती वाचली. पिशवी काढावी लागली. महिनाभरात चालायला लागली. फोनवर रोज सकाळी उज्ज्वलाची तब्येत सुधारत होती.

सुनावणीला मी एकटाच निघालो होतो. एसटीच्या थांब्यावर पूनम उभी होती. मी म्हणालो, तुला कोणी बोलवलंय? ती म्हणाली, "हळदीकुंकू थोडंच हाय, बोलवायला."

सुनावणी घेणाऱ्या तालुक्याच्या समितीच्या अध्यक्ष डॉक्टर नाडगौडाबाई होत्या. थकलेल्या दिसत होत्या, पण माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी उज्ज्वलाचं नाव पुकारलं. मी उठलो, म्हणालो, मी तिचा नवरा, ती येऊ शकत नाही. खोटं नव्हतं ते. अर्ज मी वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"देसाई, मला तुमची बाजू पटते," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पडद्यावर या सगळ्या बायकांनी बांगडी नाकारलीय. कोटा उघडायचा तर मला वर कारण द्यावं लागतं. बांगडी नसल्यामुळं कुणी दगावलं, असा एक तरी दाखला द्या. वत्सलाबाईंचं वय झालं होतं, ते चालणार नाही. एखादी धडधाकट बाई. एक तरी."

मी उभाच राहिलो. उपकेंद्राच्या वतीनं बोलावलेल्या सिस्टर मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. नाडगौडाबाई म्हणाल्या, "नसेल तर मग…"

पूनम उठली. तिनं झंपरची बाही वर केली, खटका काढला आणि बांगडी मेजावर ठेवली. बांगडी तिच्या दंडाच्या उबेनं अजून गरम असणार. पडद्यावर लगेच उमटलं: उज्ज्वला देसाई, बांगडी उतरवली.

"मी पूनम चौगुले. विधवा हाय. ही बांगडी ज्या बाईची, ती माझ्या मांडीवर गेली. तुमच्या मशीनला ती नाडी माझी दिसत होती. म्हणून गाडी आली न्हाई. ती बांगडी देऊन मेली आणि मी घेऊन जगले. दाखला पायजे ना? ह्यो घ्या."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. मला विचारलं, "कधी गेल्या?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती दोनदा विचारली. मग त्या शेजारच्या माणसाकडे वळल्या, पण तो आधीच पडद्याकडे बघत होता. त्यानं काही दाबलं नव्हतं. उतरवलेल्या बांगडीची जुनी-नवी मापं ताडून यंत्रानं आपलं आपण ओळखलं होतं की एक बांगडी दोन अंगांवर होती, आणि त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं केलं. बोरगेवाडीची सगळी मापं संशयास्पद. फेरतपासणी होईपर्यंत गावातल्या सर्व बांगड्या स्थगित.

"हे मला थांबवता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वरून होतं." अर्जाचं काय, मी विचारलं. "फेरतपासणीबरोबर त्याचाही विचार होईल." दारापर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या, आणि मग आत गेल्या.

आम्ही गावात पोचलो तोवर सगळ्यांच्या हातातल्या बांगड्या विझल्या होत्या. सरपंचांची सून पुन्हा पोटुशी होती. तिची सासू आमच्या दारात येऊन उभी राहिली. "तुझ्या बायकोच्या पुण्याईपायी माझ्या सुनेला काय झालं तर तुझ्या दारात आणून टाकीन तिला." पूनमला त्याहून वाईट ऐकावं लागलं. "आधी तिची बांगडी घेतलीस, मग तिच्या नवऱ्याचा अंगठा. आता काय ऱ्हायलंय?" पूनम कामावर जायची थांबली नाही. फोडायच्या पाटावर तिच्या शेजारी कोणी बसेना.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदीवर अंगठा दिला. त्या दिवशी सकाळचा निरोप आला नव्हता. इतके दिवस मी तो फोन पालथा ठेवत होतो, आणि त्या सकाळी मी तो हातात धरून बसलो.

सिस्टरना नोटीस आली होती, पण बदली माणूस येईपर्यंत त्यांनाच उपकेंद्र चालवायचं होतं. कपाट बंद. त्यांनी माळ्यावरून हाताला गुंडाळायचा जुना पट्टा काढला, फुगा दाबून रक्तदाब बघायचा तो. त्याची नळी फाटली होती. मी दुकानातली रबरी नळी लावून दुरुस्त करून दिला. आणि मग गावात ज्या ज्या बाईला काही होत होतं ती येऊन रांगेत उभी राहायला लागली. बांगड्या सगळ्यांच्याच मेलेल्या होत्या, तेव्हा कोण नोंदलेली आणि कोण नाकारलेली हे सिस्टरना दिसायचं कारण नव्हतं. ज्या क्रमानं उभ्या, त्या क्रमानं आत. पुढच्या बायकांनी मागच्यांकडे वळून बघितलं, पण कुणी कुणाला हाकललं नाही. हाकलायला पुढं तरी काय होतं? तपासून झालं की सिस्टर म्हणायच्या, औषध तालुक्याला जाऊन आणा.

चौथ्या दिवशी माझी आई उपकेंद्रात गेली. मला न सांगता गेली. मी पट्ट्याची नळी पुन्हा घट्ट करायला म्हणून तिथं होतो, तर ती बाकावर बसलेली. सिस्टरनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, सोडला. पुन्हा दाबला. त्यांनी आकडा सांगितला नाही, माझ्याकडे बघितलं फक्त.

"लई हाय का?" आईनं विचारलं.

"बराच आहे, आत्या. किती दिवसांपासून आहे कोण जाणे. गोळी लागेल."

"मला तर काय व्हत न्हाई. डोकंबी दुखत न्हाई."

"त्यात दुखत नाही काही," सिस्टर म्हणाल्या.

आईनं दंडावरचा पट्टा काढू दिला नाही. तो हातानं धरून ठेवला.

"उज्ज्वलाचापण एवढाच असंल का गं?"

सिस्टर फुग्याची नळी गुंडाळत राहिल्या. "असेल," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी कुणी बघितलाच नाही."

मी आईला धरून घरी आणलं. तिला घरात बसवलं आणि तसाच तालुक्याची गाडी पकडली. आईच्या नावानं चिठ्ठी लिहून घ्यायची होती.